पुण्यातला एपी जर्मनीत कसा गेला?

वाचकांचे प्रश्न : वायफाय आणि नेटवर्क

या वेळच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आली आहे. वायफायचा डबा भारतात, पण त्याचा देश भलताच. उत्तरांआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एपीला, आपण कुठे टांगलेले आहोत हे स्वतःहून कळत नाही. तो कुणाचं तरी ऐकतो. कारखान्यात चिपवर लिहिलेला कोड, सगळ्या एपींना चालवणाऱ्या कंट्रोलरमधलं सेटिंग, इंटरनेटवर दिसणारा आयपी पत्ता, शेजारच्या एपीची घोषणा, क्वचित फोनमधलं जीपीएस. देश चुकला म्हणजे यांतला एक साक्षीदार खोटं बोलतोय. तो आधी शोधायचा, सेटिंगला हात नंतर.

प्रश्न : हिंजवडीत आमचं तीन मजली ऑफिस आहे, मुख्यालय जर्मनीत. क्लाउडवरून चालणारे १४ एपी आहेत. नवीन एसडी-वॅन (शाखांना मुख्यालयाशी जोडणारी यंत्रणा) बसवल्यावर दोन दिवसांत डॅशबोर्डवर सगळ्या एपींचा देश ‘डीई’, म्हणजे जर्मनी, झाला. तेव्हापासून कोपऱ्यातल्या मीटिंग रूममध्ये सिग्नल पडतो. वीज जाऊन आली की ५ गिगाहर्ट्‌झ बराच वेळ येतच नाही. एपी बिघडलेत का?

उत्तर : एपी ठणठणीत आहेत. फक्त ते प्रामाणिकपणे जर्मनीचे नियम पाळताहेत.

क्लाउडवरून चालणाऱ्या काही ब्रँडमध्ये एपीचा देश त्याच्या सार्वजनिक आयपी पत्त्यावरून ठरतो. एपी क्लाउडला भेटायला ज्या पत्त्यावरून बाहेर पडतो, तो पत्ता भौगोलिक यादीत कोणत्या देशात आहे ते पाहिलं जातं आणि त्या देशाचे चॅनल व पॉवर एपीला कळवले जातात. तुमच्या नव्या एसडी-वॅनने पुण्याचा सगळा ट्रॅफिक बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी वाटेने, मुख्यालयात नेला असणार आणि तिथून तो इंटरनेटवर सोडला असणार. क्लाउडच्या नजरेत तुमचे चौदाही एपी जर्मनीत बसले आहेत.

आता लक्षणं त्याला जुळतात का ते पाहू. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे वायफायसाठी विनापरवाना खुले आहेत, एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ. त्यातला वरचा भाग, म्हणजे १४९ ते १६५ हे चॅनल, आपल्याकडे चांगल्या पॉवरने चालतात. युरोपात त्याच भागात वायफायला जेमतेम २५ मिलिवॉट, म्हणजे १४ डीबीएम मिळतात आणि बरेच एपी तिथे हे चॅनल दाखवतही नाहीत. ३६ ते ६४ या चॅनलवर युरोपची मर्यादा २०० मिलिवॉट, म्हणजे २३ डीबीएम, आणि तीही अँटेना धरून. अँटेना ४ डीबीआयची असेल, म्हणजे तीच ४ डेसिबल भर घालत असेल, तर ट्रान्समीटरच्या वाट्याला १९ उरतात. भारतीय मर्यादा धरून एपी टांगले असतील तर टोकाच्या खोलीत सिग्नल पडणारच.

वीज आल्यावरचा उशीर जास्त बोलका आहे. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलवर प्रसारण सुरू करण्याआधी रडार आहे का ते ऐकत बसावं लागतं, साधारण ६० सेकंद. युरोपात मात्र ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झ हा तुकडा हवामान रडारांसाठी जपलेला आहे. १२०, १२४, १२८ हे चॅनल त्यात येतात आणि तिथे पूर्ण १० मिनिटं ऐकावं लागतं. ८० मेगाहर्ट्‌झ रुंदी ठेवली असेल तर ११६ ते १२८ हा अख्खा गट त्यात अडकतो. तुमचं ‘बराच वेळ’ घड्याळ लावून मोजा. दहा मिनिटांच्या आसपास निघालं तर निदान पक्कं.

तपासणी अशी करा. एपी ज्या मॅनेजमेंट व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) आहेत त्याच व्हीलॅनच्या पोर्टला लॅपटॉप केबलने जोडा, वायफाय बंद ठेवा, आणि बाहेर कोणता आयपी दिसतो ते बघा. कर्मचाऱ्यांच्या व्हीलॅनवरून बघू नका, त्याची वाट वेगळी असू शकते. मग तो पत्ता निदान दोन वेगवेगळ्या भौगोलिक याद्यांत शोधा. दोन्हींत जर्मनी आला तर दोष बोगद्याचा. एकीत भारत आणि दुसरीत दुसराच देश आला तर दोष यादीचा.

बोगद्याचा असेल तर इलाज तुमच्या हातात आहे. एसडी-वॅनच्या धोरणात फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनसाठी स्थानिक इंटरनेटची वाट उघडा. मुख्यालयातली सुरक्षा मंडळी सगळंच सोडायला तयार नसतील, तर क्लाउड कंट्रोलरचे पत्ते आणि पोर्ट एवढेच सोडायला सांगा. त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही.

यादीचा दोष असेल तर मामला लांबतो. आयपीव्ही-४ चे पत्ते आता देशोदेशी विकले जातात. तुमच्या इंटरनेट कंपनीने परदेशातून घेतलेला गट जुन्या यादीत जुन्याच देशात राहिलेला असतो. हूइज नोंदीतला देश बघून निश्चिंत होऊ नका. ती मालकाची नोंद असते, जागेची नव्हे. याद्यांच्या संकेतस्थळांवर दुरुस्तीचा अर्ज असतो, तो तुम्हीही भरू शकता. पण खरा उपाय इंटरनेट कंपनीकडे आहे, जिओफीडचा. ऑगस्ट २०२० च्या आरएफसी ८८०५ या इंटरनेटच्या दस्तऐवजात त्याचा साचा दिला आहे. साध्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक गटाला एक ओळ : पत्त्यांचा गट, देश, राज्य, शहर, आणि शेवटी पिनकोडची जागा, जी रिकामी सोडतात. पुण्यासाठी ती अशी दिसेल : २०३.०.११३.०/२४,आयएन,आयएन-एमएच,पुणे, (हा गट फक्त उदाहरणासाठी राखीव आहे, तुमचा स्वतःचा घाला). अर्थात फाइलमध्ये हे सगळं रोमन लिपीत जातं. ही फाइल कुठे ठेवली आहे याचा दुवा पत्त्यांच्या नोंदणीतही घालायचा असतो. भारतात ती नोंदणी इरिन या संस्थेकडे असते.

तोवर काम अडत असेल तर ब्रँडच्या सपोर्टकडे तिकीट टाका. एपींचे सिरियल नंबर, सध्या दिसणारा सार्वजनिक आयपी, ऑफिसचा पत्ता आणि ‘देश हाताने आयएन करा’ ही विनंती एकाच पत्रात द्या, नाहीतर प्रश्नोत्तरांतच आठवडा जातो. नकाशावरची टाचणी पुण्यात हलवून बसू नका. बहुतेक डॅशबोर्डमध्ये ती टाचणी शोभेची असते, रेडिओला तिचं काही घेणंदेणं नसतं.

दुरुस्तीनंतर आधी एकच एपी रीस्टार्ट करून देश तपासा. मग बाकीचे तेरा, ऑफिस सुटल्यावर. आणि चॅनलचा आराखडा पुन्हा चालवायला विसरू नका. देश बदलला तरी जर्मन नियमांत निवडलेले चॅनल आपोआप सुधारतातच असं नाही.

प्रश्न : एपी हवेत नेमका कोणता देश सांगतोय हे कसं बघायचं? डॅशबोर्डवर भरवसा ठेवावा का?

उत्तर : डॅशबोर्ड सांगतो ते काय ठरवलंय. हवेत काय चाललंय ते बीकनमध्ये, म्हणजे एपीच्या स्वतःबद्दलच्या घोषणेत, दिसतं.

एपी सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन सोडतो. त्यात ७ क्रमांकाचा एक घटक असतो, देशाच्या माहितीचा. २००१ च्या ८०२.११डी या मानकातून तो आला. त्यात तीन अक्षरांची जागा असते. पहिली दोन देशाची, जसं आयएन, यूएस, सीएन. तिसरं वापराच्या जागेचं. तिथे रिकामी जागा म्हणजे कुठेही, ‘आय’ म्हणजे घरात, ‘ओ’ म्हणजे उघड्यावर. पुढे चॅनलचे गट आणि प्रत्येक गटाची कमाल पॉवर.

लिनक्स लॅपटॉपवर ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० स्कॅन’ चालवा (‘डब्ल्यूलॅन०’च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव). प्रत्येक नेटवर्कखाली ‘कंट्री’ ही ओळ येते आणि तिच्याखाली चॅनल व डीबीएम. वायरशार्क या प्रोग्रामने बीकन पकडला तर ‘कंट्री इन्फर्मेशन’ या टॅगमध्ये तेच दिसेल. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘कंट्री कोड’ दिसतो, पण तो मॅकने मानलेला देश आहे, एपीने सांगितलेला असेलच असं नाही. हा फरक पुढच्या पत्रात कामाला येईल.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्ही वेगवेगळे तपासा. काही एपींमध्ये ८०२.११डी एका पट्ट्यावर बंद असतो, मग तिथे ही ओळच नसते आणि जवळची उपकरणं दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतात.

प्रश्न : ठाण्यात सोसायटीत राहतो. घरचं ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय मॅकबुकवर अधूनमधून यादीतूनच गायब होतं. त्याच वेळी मोबाइलवर व्यवस्थित दिसतं. राऊटर १०० नंबरच्या चॅनलवर आहे, देश भारत आहे. दोनदा राऊटर बदलून झाला.

उत्तर : तिसरा घेऊ नका. तुमचा राऊटर खरं बोलतोय, शेजारचा खोटं बोलत असावा.

लॅपटॉप चालू होताना आसपासच्या बीकनमधले देश ऐकतो आणि त्यावरून आपला देश ठरवतो. भिंतीपलीकडे कुणी बाहेरून आणलेला राऊटर, स्वस्त टीव्ही बॉक्स किंवा रिपीटर लावला असेल आणि तो ‘सीएन’ सांगत असेल, तर मॅक स्वतःला चीनमध्ये समजतो. चीनमध्ये वायफायला ३६ ते ६४ आणि १४९ ते १६५ हे चॅनल आहेत, १०० ते १४४ नाहीत. मग मॅक १०० वर ऐकतच नाही आणि तुमचं नेटवर्क यादीतून जातं. मोबाइल मात्र सिमच्या नेटवर्कवरून देश धरतो, म्हणून त्याला काही झालेलं नसतं. अधूनमधून का, तर कोणता बीकन आधी कानावर पडला यावर ते ठरतं. शेजाऱ्यांचा बॉक्स संध्याकाळीच चालू होत असेल तर तक्रारही संध्याकाळचीच असते.

पुढच्या वेळी गायब झालं की आधी ऑप्शन कळ धरून मॅकचा कंट्री कोड बघा. ‘आयएन’ सोडून काही असेल तर वरच्या उत्तरातल्या स्कॅनने तो कोड कोण सांगतंय आणि त्याचा सिग्नल किती जोरात आहे ते शोधा. सिग्नलचा आकडा बघत घरात फिरलात की भिंतही कळते. सापडलं तर शेजाऱ्यांना सांगून बघा. त्यांच्या राऊटरमध्ये देश निवडायची सोय असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

त्यांच्यावर अवलंबून राहायचं नसेल तर आपला राऊटर ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर आणा. भारत, अमेरिका, युरोप, जपान, चीन सगळीकडे हे चॅनल चालतात, त्यामुळे मॅक स्वतःला कुठेही समजो, तुमचं नेटवर्क दिसेल. रुंदी ८० मेगाहर्ट्‌झ पुरे. १६० केलीत तर ५२ ते ६४ ओढले जातात आणि रडारचं लचांड मागे लागतं.

प्रश्न : भिवंडीच्या गोदामासाठी कंपनीच्या बंद झालेल्या युरोपीय ऑफिसमधले सहा एपी मिळाले. सिस्कोचे आहेत, आमचा कंट्रोलरही त्यांचाच, जुन्या पद्धतीचा. एपी जॉइन होतात, पण रेडिओ डाउन. लॉगमध्ये ‘रेग्युलेटरी डोमेन मिसमॅच’. कंट्रोलरमध्ये जर्मनी जोडला की चालू होतात, असं एकाने सुचवलं. जोडू का?

उत्तर : जोडू नका. चालू होतील, पण पूर्ण गोदामाचं नुकसान होईल.

एपीच्या मॉडेल नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. ‘-ई’ म्हणजे युरोप, ‘-ए’ आणि ‘-बी’ अमेरिकेकडचे, ‘-डी’ म्हणजे भारत. हे अक्षर सेटिंग नाही, कारखान्यात ठरलेलं असतं. कंट्रोलरच्या देशांच्या यादीत त्या अक्षराला जुळणारा देश नसला की रेडिओ बंदच राहतो. ती चूक नाही, कुलूप आहे.

आता जर्मनी जोडल्यावर काय होतं बघा. जुन्या कंट्रोलरमध्ये एकापेक्षा जास्त देश ठेवता येतात, २० पर्यंत. पण यादीत दोन देश आले की आपोआप चॅनल निवडणारी यंत्रणा दोन्हीकडे कायदेशीर असलेलेच चॅनल वापरते, आणि पॉवरही दोघांतली कमी असेल ती. म्हणजे सहा पाहुण्या एपींसाठी तुमचे आधीचे सगळे ‘-डी’ एपीही लंगडे होतात. गोदामात उंच रॅकच्या मधून स्कॅनर चालवताना हे लगेच जाणवेल. शिवाय ते सहा एपी भिवंडीत जर्मनीचे नियम पाळत राहतील, ते वेगळंच.

आधीच कुणी जोडला असेल तर काढताना क्रम पाळा. दोन्ही पट्ट्यांची नेटवर्क आधी बंद करावी लागतात (‘कॉन्फिग ८०२.११ए डिसेबल नेटवर्क’, मग ‘८०२.११बी’ साठी तसंच), नंतर ‘कॉन्फिग कंट्री आयएन’, मग दोन्ही पुन्हा चालू. मधली काही मिनिटं सगळं वायफाय बंद राहतं, तेव्हा ट्रक भरण्याच्या वेळेत हे करू नका.

सहा एपींपैकी एखाद्यावर ‘-यूएक्स’ असेल तर मात्र नशीब. तो सार्वत्रिक प्रकार. पेटीतून काढल्यावर त्याला देश नसतो, म्हणून तो मर्यादित चालतो. त्याला देश शिकवावा लागतो, एकतर कंपनीच्या एअरप्रोव्हिजन या मोबाइल ॲपने, ज्यात फोनचं ठिकाण वापरलं जातं, नाहीतर शेजारी देश शिकलेला एपी असेल तर त्याच्याकडून आपोआप. ॲपने करताना फोन गोदामाच्या दारात, उघड्या आकाशाखाली धरून ठिकाण पक्कं होऊ द्या. पत्र्याखाली जीपीएस भरकटतं.

इतर ब्रँड घेताना हीच नजर ठेवा. अरुबात ‘आरडब्ल्यू’ आणि रकसमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यू’ लिहिलेला एपी भारतात देश निवडून चालतो. ‘यूएस’ लिहिलेला तसा चालत नाही. ग्रे मार्केटमध्ये स्वस्त पडतो तो बहुधा हाच.

प्रश्न : एपीवर देश बरोबर ‘आयएन’ आहे, तरी यादीत १०० ते १४४ चॅनल नाहीत. ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवरचं फर्मवेअर टाकलेला जुना राऊटर आहे, रत्नागिरी.

उत्तर : देश बरोबर, पण देशाचं ज्ञान जुनं. २०१८ पूर्वी भारतात ५४७० ते ५७२५ चा पट्टा खुला नव्हता. तेव्हाच्या फर्मवेअरमधल्या भारतात हे चॅनल नाहीत. लिनक्समध्ये हे नियम ‘वायरलेस-रेगडीबी’ या फाइलमध्ये असतात. सध्याची ओपनडब्ल्यूआरटी आवृत्ती टाकलीत की ती फाइलही नवी येते.

तरीही आले नाहीत तर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ चालवून बघा. ‘ग्लोबल’ खाली ‘आयएन’ आणि त्याच्या खाली रेडिओचा वेगळाच देश दिसला, तर तो रेडिओच्या मेमरीत कारखान्यातच लिहिलेला आहे आणि ड्रायव्हर तुमच्या निवडीवर त्याची कात्री चालवतो. ‘००’ दिसलं तर जगभरचा सावध कोड, म्हणजे देश लागलेलाच नाही. ‘९८’ दिसलं तर दोन देशांचं छेदन, दोघांत जे समान तेवढंच. हे ‘९८’ बहुधा रिपीटर म्हणून जोडलेल्या राऊटरवर येतं, कारण वरचा राऊटर दुसरा देश सांगत असतो. तिथे दुरुस्ती वरच्या राऊटरवर करायची.

आणखी एक जागा बघा. काही उपकरणांत ‘इनडोअर’ की ‘आउटडोअर’ असं वेगळं सेटिंग असतं, मायक्रोटिकमध्ये ‘इन्स्टॉलेशन’ नावाने. ते चुकलं तर देश बरोबर असूनही चॅनल गळतात. तिथेच अँटेनाची डीबीआय लिहायची जागाही असते. कुणी ४ च्या जागी १४ लिहिले तर पॉवर १० डीबीने कमी होते, आणि लोक देशाला दोष देत बसतात.

प्रश्न : अमेरिकेहून मुलाने तीन पट्ट्यांचा मेश राऊटर आणला आहे. देश बदलण्याची सोयच नाही. कोल्हापुरात वापरता येईल का? युरोपचं फर्मवेअर टाकून कुलूप काढता येतं म्हणतात.

उत्तर : फर्मवेअरच्या वाटेला जाऊ नका. रेडिओचं कॅलिब्रेशन त्या हार्डवेअरपुरतं असतं. चुकीचं फर्मवेअर बसलं तर राऊटर सुरूच होणार नाही, किंवा पॉवर आणि वारंवारता दोन्ही भरकटतील. कुलूप आहे त्याला कारण आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने एका राऊटर कंपनीकडून २ लाख डॉलर वसूल केले, कारण तिच्या राऊटरमध्ये देशाचं सेटिंग बदलून मंजुरीपेक्षा जास्त पॉवर मिळवता येत होती. तिथे विकल्या जाणाऱ्या मालात देशाचा पर्याय सापडत नाही तो अशा बडग्यामुळे.

वापराचं म्हणाल तर पट्ट्यागणिक वेगळं उत्तर आहे. २.४ वर अमेरिकेत १ ते ११ चॅनल, भारतात १ ते १३. अमेरिकेचे सगळे भारतात बसतात, काही करायला नको. ५ वर चॅनल ऑटो ठेवू नका, ३६ ते ४८ मधला एक हाताने निवडा. अमेरिकेत आता वर १७७ पर्यंत चॅनल आहेत. १७७ ची वरची कड ५८९५ मेगाहर्ट्‌झला पोचते, आपली हद्द ५८७५ ला संपते. १६० रुंदीचा १४९ ते १७७ हा गटही त्यामुळे बाहेर जातो.

६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा बंद ठेवा. अमेरिकेत तो ५९२५ ते ७१२५ असा अख्खा खुला आहे आणि तुमचा राऊटर त्यातला कुठलाही चॅनल उचलू शकतो. भारतात मे २०२५ च्या मसुद्यापासून जो विषय आहे तो फक्त ५९२५ ते ६४२५ या खालच्या भागाचा, तोही घरात कमी आणि उघड्यावर अगदी कमी पॉवरचा. अमेरिकन कुलपाच्या राऊटरला ही हद्द माहीत नाही. मेशचे डबे आपसांत बोलायला ६ वापरत असतील तर त्यांना केबलने जोडा.

ॲडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलंय का तेही बघा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर लावताक्षणी कारभार आटोपेल. आणि विकण्याचा किंवा दुकानात लावण्याचा विचार असेल तर भारतात अशा उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते, हे विसरू नका.

प्रश्न : रेंज वाढावी म्हणून देश मुद्दाम बदलावा असं व्हिडिओत सांगतात. खरंच फायदा होतो?

उत्तर : फोनवर एखादी कांडी जास्त दिसेल, एवढाच. एपी ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो आणि उलट दिशेचा डेटा पोचत नाही. कमाल पॉवरवर ॲम्प्लिफायर विकृती आणतो, त्यामुळे वरचे वेग आधी पडतात. रडारच्या चॅनलवर ऐकण्याचा नियम टाळला तर भानगड हवामान किंवा संरक्षणाच्या रडारशी. तिसरी खोली झाकायची असेल तर तिथे केबल टाकून दुसरा एपी लावा.

प्रश्न : नाशिकला अभियांत्रिकीला आहे. प्रोजेक्टसाठी इंटेल कार्डाच्या लॅपटॉपवर उबुंटूमधून ५ गिगाहर्ट्‌झचा हॉटस्पॉट करायचाय. ‘आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ दिलं, तरी होत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तर वायफायच बंद दिसतं.

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत.

इंटेलची कार्डं देशाच्या बाबतीत तुमचं ऐकत नाहीत. ‘आयडब्ल्यू रेग गेट’मध्ये त्यांच्यासमोर ‘सेल्फ-मॅनेज्ड’ लिहिलेलं असतं. कार्डाचं फर्मवेअर आसपासचे एपी ऐकून देश ठरवतं आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या बऱ्याच चॅनलवर ‘नो-आयआर’ लावून ठेवतं, म्हणजे स्वतःहून प्रसारण सुरू करायचं नाही. हॉटस्पॉट म्हणजे नेमकं तेच. पूर्वी ‘लार-डिसेबल’ नावाचा पर्याय होता, लिनक्स कर्नल ५.५ पासून तो काढला. जुन्या लेखांत तो अजून सापडतो, वेळ घालवू नका. हॉटस्पॉट २.४ वर करा. ५ च हवं असेल तर एपी मोड देणारं मीडियाटेक चिपचं यूएसबी कार्ड घ्या, त्यावर देश लावता येतो. हॉटस्पॉट चालवणाऱ्या होस्टएपीडी प्रोग्रामच्या फाइलमध्ये ‘कंट्री_कोड=आयएन’ आणि ‘आयईईई८०२११डी=१’ या दोन ओळी घाला, चॅनल ३६. रडारचे चॅनल हवे असतील तर ‘आयईईई८०२११एच=१’ ही ओळही लागते.

पायमध्ये देश न निवडल्यामुळे वायफाय आरएफकिलने, म्हणजे रेडिओ बंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअर कुलपाने, अडवलेलं असतं. ‘रास्पी-कॉन्फिग’ उघडा, ‘लोकलायझेशन ऑप्शन्स’, मग ‘डब्ल्यूलॅन कंट्री’, तिथे इंडिया. रीस्टार्टनंतर ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : नो’ दिसलं पाहिजे. कॉलेजात कुणी तयार कार्डाची प्रतिमा वाटली असेल तर त्यातला देश तपासा. बऱ्याच प्रतिमांत ‘जीबी’ राहून गेलेला असतो. ‘जीबी’ म्हणजे ब्रिटन, आणि पाय एपी म्हणून चालवलात की तोच देश तुमच्या प्रयोगशाळेभर घोषित होतो.

प्रश्न : घरातले ईएसपी३२ या वायफाय चिपवर चालणारे प्लग काही दिवस दिसतात, मग आठवडाभर नाहीत.

उत्तर : राऊटरचा २.४ चा चॅनल ऑटोवर आहे आणि तो कधीकधी १२ किंवा १३ घेतो. भारतात ते चालतात. पण ईएसपी३२ चा मूळ देश बहुधा ‘०१’ असतो, १ ते ११ पर्यंतचा सावध कोड. वरच्या चॅनलचा राऊटर त्याला नीट सापडत नाही. राऊटरवर १, ६ किंवा ११ हाताने लावा. प्लगना हात लावायची गरज नाही.